दोन मिनिटांचं पाणी

सत्तार, फोटो निघाला.

आधी एवढंच ऐक, बाकीचं मागून सांगतो. पैनगंगेच्या पात्रात, आपल्या मेहकरच्या खालच्या अंगाला, जिथं खडकाच्या तीन पायऱ्या आहेत आणि पाणी एकीवरून दुसरीवर उतरतं, तिथंच काढला. तू ज्या जागेवरून काढायचा त्याच जागेवरून. पाणी असं आलं, जसा कोणी पिंजलेल्या कापसाचा पेळू खडकावरून हळूच ओढत नेला. आणि खडक? खडकाची भेग न् भेग मोजून घे. मधल्या पायरीवर शेवाळाचा जो पट्टा आहे ना, त्याच्या वरच्या वाळलेल्या काठाचे तंतू दिसतात. एकाही दगडाला दुहेरी कड नाही.

स्टँड हालला नाही. केसभर हालला नाही. फोटो कॅमेऱ्याच्या पाठीवर उमटला तेव्हा मी हे नदीत उभा राहून मोठ्यानं म्हणालो. काठावर कपडे धुणाऱ्या दोन बायांनी माझ्याकडं पाहिलं. पाहू दे.

तू गेल्यावर तुझा चाळिसावा दिवस झाला, त्यानंतर तुझी नसरीन दुकानावर आली. म्हणाली, "काका, अब्बांच्या आठवणींचं एक लहान पुस्तक काढतो आम्ही. त्यात तुम्ही लिहा." मी म्हटलं, "पोरी, मी चौथी शिकलेला गेट-ग्रिलचा माणूस. मी लिहिलं तर सत्तारशी भांडल्यासारखं लिहीन." ती म्हणाली, "तसंच लिहा." म्हणून हे असं आहे. ज्याला गोड वाचायचं असेल त्यानं पुढचं पान उघडावं.

तुझा फोटो स्टुडिओ आणि माझं वेल्डिंगचं दुकान, मध्ये एक भिंत. चाळीस वर्षं ती भिंत होती आणि चाळीस वर्षं तू तिच्यावर टिचक्या मारायचा. दोन टिचक्या म्हणजे चहा. तीन म्हणजे गिऱ्हाईक बसलंय, ग्राइंडर बंद कर. या तालुक्यातल्या अर्ध्या लग्नांचे फोटो तुझे आणि अर्ध्या घरांची फाटकं माझी. मग सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले आणि नवरदेवाचा मामासुद्धा फोटोग्राफर झाला. लोकांना वाटलं, सत्तार आता बसून राहील. तू बसला नाही. तू एक दिवस माझ्या दुकानात आला, मी मुखवटा वर करून पाहतो तर तू त्या मुखवट्याकडंच टक लावून उभा.

"मिस्त्री, ही तुह्या तोंडावरची काच दे मले."

"काऊन बे? जोड माराचा हाये का कुठं?"

"पाणी पाहाचं हाये."

"पाणी पाह्याले वेल्डिंगची काच? डोये आले का तुले?"

तू तिथंच माझ्या ऐरणीवर बसून मला समजावलं. कॅमेऱ्याचा डोळा एरवी पापणी लवायच्याही आत उघडतो आणि मिटतो. तो दोन मिनिटं उघडा ठेवला तर जे थांबलेलं आहे ते उमटतं आणि जे वाहतं आहे त्याचा धूर होतो. पण दिवसाउजेडी दोन मिनिटं डोळा उघडा ठेवला तर सगळंच पांढरं फटक पडतं. म्हणून पुढं अशी काळी काच पाहिजे, जी सूर्यालाही मोजून मापून आत सोडते. तसली काच शहरातून मागवावी लागते. आणि तुझं म्हणणं असं, की ती काच रोज तुझ्या भिंतीपलीकडं एक म्हातारा तोंडावर घालून बसतो.

मी नवी काच काढून दिली. तू सायकलच्या ट्यूबचे गोल कापून रबर केले आणि ती कॅमेऱ्याच्या तोंडावर बांधली. पहिला फोटो काढला तो हिरवागार. पाणी हिरवं, खडक हिरवे, आभाळ हिरवं. वेल्डिंगच्या काचेतून जग असंच दिसतं, मला विचारलं असतं तर मी आधीच सांगितलं असतं. तुझ्या घरी भाभीनं फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "या अल्ला! नदीत पालक शिजवला का काय?" आठ दिवस आम्ही तुला पालकवाला म्हणत होतो. मग नसरीननं कॉम्प्युटरवर त्यातला रंग काढून टाकला, काळा-पांढरा केला, आणि आपण चौघंही त्याच्यावर वाकलो. नदीवर धुकं उतरलं होतं. भर अकरा वाजता.

मी भुललो ते तेवढ्यापुरतंच. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, हे खोटं आहे. आठवतं ना?

"हे पाणी नाई सत्तार. हा धूर हाये. पाण्याले थेंब असते, फेस असते, आवाज असते."

"तू पाह्यते ते पापणीभर पाणी हाये मिस्त्री. हे दोन मिनिटांचं पाणी."

"मंग दोन मिनिटांचा माणूस दाखव मले."

"चाल, उभा राह्य."

आणि मी राहिलो उभा. गुडघाभर पाण्यात, धोतर खोचून, छाती काढून. आता तुझ्या कॅमेऱ्याचा आपला हिशेब अर्ध्या मिनिटापुढं जात नव्हता. पुढचा वेळ कॅमेऱ्याला जोडलेल्या वायरची कळ अंगठ्यानं दाबून धरायची आणि कोणीतरी सेकंद मोजायचे. हे मोजायचं काम पहिल्या दिवसापासून माझं. चौथी शिकलो पण तीसपर्यंत पाढे आजही सुरात येतात, आणि माझ्या चालीत एक पाढा बरोबर अर्ध्या मिनिटाचा. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, झाली दोन मिनिटं. तू म्हणायचा घड्याळापेक्षा मिस्त्रीचे पाढे बरे, निदान पाढे म्हणताना हा वाद घालत नाही. तर त्या दिवशीही मी पाण्यात उभ्या उभ्या पाढे म्हटले. फोटो आला. पाय खडकासारखे, हात खडकासारखे, फेट्याची घडी न् घडी स्वच्छ, आणि नाकाखाली तोंड नाहीच. नुसता धूर.

भाभी म्हणाली, "हेच तं मिस्त्री भाऊ हायेत. बाकी सगळं थांबते, तोंड नाई थांबत."

तू इतका हसला की काठावर बसून घेतलं. तो फोटो मी घरी लावू दिला नाही. आज सांगतो, मला तो आवडला होता.

त्याच जागेवर एकदा म्हशींचा कळप मधूनच उतरला. तू कळ दाबून धरलेली, मी सतराच्या पाढ्यात, आणि पंधरा म्हशी कॅमेऱ्यासमोरून डुलत पलीकडं गेल्या. मी पाढा सोडून शिव्या देणार होतो, तू डोळ्यांनी दटावलं. फोटोत एक शेपूटसुद्धा नव्हतं. मी दोनदा पाहिला. गुराखी आपल्याकडं आला होता, त्याला तू फोटो दाखवला तर तो पाठमोरा होऊन म्हशी मोजायला पळाला.

आता स्टँडचं सांगतो, कारण आपलं खरं भांडण तिथं आहे.

बाजारातला स्टँड काठीएवढा. पाण्यात उभा केला की प्रवाहानं लटलट करायचा. तू मला म्हणाला नाही की करून दे. तू फक्त म्हणाला, "असा स्टँड मेहकरात कोनाच्यानं होत नाई." तुला माहीत होतं मला कसं कामाला लावायचं. मी तीन पायांचा स्टँड केला, दीड इंची पाइपाचा. पण पोकळ पाइप वाहत्या पाण्यात घुमतो, बासरीसारखा. हात लावला की कळतं. म्हणून पाइपांत रेती भरायची ठरवली. रेती ओली असली आणि तोंड वेल्डिंगनं बंद केलं तर आत वाफ कोंडते आणि जोड फुटतो, हे मी शिकाऊ पोरगा असताना डोळ्याजवळच एक जोड फुटला तेव्हा शिकलो होतो. खडखडीत कोरडी रेती पाहिजे. ती कुठं असते? फुटाणेवाल्याच्या भट्टीत. तू आणि मी चौकातल्या फुटाणेवाल्याकडं जाऊन त्याच्या कढईतली भाजलेली रेती मागितली. तो म्हणाला, चने घ्या, रेती काऊन नेता? ती गरम गरम आणून भरली, तोंडं बंद केली. तो स्टँड उन्हात तापला की चण्याचा वास यायचा. म्हणजे तू म्हणायचा, मला कधी आला नाही.

तो स्टँड घेऊन आपण वरवट बकालला माझ्या लेकीकडं निघालो, तिथून पुढं सातपुड्याच्या पायथ्याचा नाला पाहायला. एसटीच्या दारात कंडक्टरनं अडवलं.

"बाबा, तोफ घेऊन कुठं चालले?"

"तोफ नाई साहेब," तू म्हणाला, "पाण्याले उभं कराचं सामान हाये."

"पाण्याले कोन उभं करते?"

"हा मिस्त्री करते. मी फक्त फोटो काढतो."

कंडक्टरनं आपल्याला मागच्या लांब सीटवर बसवलं, तोफ मध्ये. शेगावपर्यंत अर्धी गाडी वळून वळून पाहत होती आणि तू प्रत्येकाला सांगत होता, जोड पाहा जोड, कुठं दिसतो का. मी बाहेर पाहत होतो. कानानं सगळं ऐकत होतो.

त्या नाल्यावरचा फोटो तुझा सगळ्यात चांगला. सागाच्या पानांखालून येणारं पाणी, दोन काळे धोंडे, आणि मधून पांढरी वाट. लेकीच्या घरी आजही भिंतीवर आहे. तिच्या सासऱ्यानं विचारलं, हे कुठल्या परदेशातलं? मी म्हटलं, तुमच्या घरापासून तासाभरावरचं. त्या दिवशी आपण दोघं कोणाच्या बापाला ऐकणारे नव्हतो.

मग फोटो बिघडायला लागले.

एका थंडीत सुरू झालं. पाणी ठीक, पण खडकाला दोन-दोन कडा. जसा खडक थरथरला असावा. एक फोटो, दोन फोटो, मग सगळेच. तू म्हणाला, स्टँड हालते. मी म्हटलं, पाहू. सगळे जोड ठोकून पाहिले, पायांना खाली अणकुच्या लावल्या. पुन्हा दोन कडा. तू पुन्हा म्हणाला, स्टँड हालते. आणि हे तू चहाच्या टपरीवर म्हणाला, चार लोकांत. "मिस्त्रीचा स्टँड हालते." माझं हातावरचं पोट नाही सत्तार, हातावरचं नाव आहे. ज्यांच्या घरांना माझी फाटकं आहेत ती माणसं तिथं चहा पीत होती.

मी त्या रात्री झोपलो असेन-नसेन, सकाळी स्टँड घेऊन एकटा नदीत गेलो. भर धारेत उभा केला. त्यावर पितळी वाटी ठेवली, काठोकाठ पाणी भरलं, आणि पाऊण तास उकिडवा बसून पाहत राहिलो. थेंब सांडला नाही. पाण्यावर रेघ उमटली नाही. मी तुला बोलावून दाखवलं. तू वाटी पाहिली, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाला, "वाटीपेक्षा कॅमेऱ्याले जास्त समजते मिस्त्री."

माझं डोकं फिरलं. पंधरा दिवस भिंतीवर टिचकी नाही, तुझी नाही, माझी नाही.

सोळाव्या दिवशी तूच घरी बोलावलं. नवे फोटो समोर ठेवले. पुन्हा दोन कडा.

"हे पाह्य. तुहा स्टँड हालते, मिस्त्री. काहीतरी कर."

"माहा स्टँड? बैल बांधला तरी हालनार नाई तो."

"बैलाचं नको सांगू. फोटो पाह्य."

"फोटो कोनं काढला? म्या काढला का? कळ कोनाच्या हातात होती?"

"माह्या."

"मंग हात तुहा हालते बे! लोखंड नाई हालत!"

भाभी चहा घेऊन दारात उभी होती. तू उजवा हात उचलून मांडीखाली घातला, लहान पोरानं चोरलेली वस्तू लपवावी तसा. मी पाहिलं. त्या आधीही पाहिलं होतं. तू आयुष्यभर बशीत ओतून चहा पिणारा, त्या थंडीपासून ग्लास दोन्ही हातांत धरून प्यायला लागला होता. मी समजलो थंडी आहे. आणि त्या दिवशी जेव्हा समजलं की थंडी नव्हती, तेव्हा मी काय केलं? मी जिंकलो होतो सत्तार. मी जिंकून घरी गेलो आणि पोटभर जेवलो.

आपण पुन्हा बोलायला लागलो, ते तुझ्यामुळं. चार दिवसांनी दोन टिचक्या आल्या. चहा झाला, पावसाचं झालं, नसरीनच्या लग्नाचं झालं. पण पाण्याचा विषय तू काढला नाही आणि मी काढला नाही. कॅमेरा कपाटात गेला. माझा स्टँड दुकानाच्या कोपऱ्यात, त्यावर गिऱ्हाइकं पिशव्या टांगायची. मला वाटायचं, बोलू एखाद दिवशी. घाई काय आहे, मध्ये भिंतच तर आहे.

तू दुपारी जेवून आडवा झाला आणि उठला नाही. मी तीन ओंजळी माती दिली तुला. कोणी तरी मला बाजूला व्हा म्हणालं, बाकीचे लोक खोळंबले होते.

चाळिसाव्यानंतर भाभीनं मला बोलावून कॅमेऱ्याची पेटी समोर ठेवली. "तुमीच ठेवा हे, मिस्त्री भाऊ." मी म्हटलं, मला यातलं काय समजतं? मग ती खाली पाहत बोलली. "त्यांचा हात दोन वर्षं झाले हालत होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, हे वाढत जाईन. मले म्हने, मिस्त्रीले नको सांगू, तो मले नदीत उतरू देनार नाई."

"मंग स्टँडचं काऊन म्हने?"

"म्हने, हाताचं कोनी काही करू शकत नाई. स्टँड हालते म्हटलं तं मिस्त्री काहीतरी करीनच. तो डोकं लावते."

मी पेटी उचलली आणि घरी न जाता दुकानात गेलो. शटर अर्धं ओढून बसलो. चाळीस वर्षं माझ्याकडं लोक हेच बोलतात. फाटक घासतं म्हणतात, आणि बिघाड फाटकात नसतो, खांब खचलेला असतो. मी गिऱ्हाइकाशी कधी भांडत नाही. जाऊन पाहतो, खांब सरळ करतो. तू माझ्याकडं दुरुस्ती घेऊन आला होता. मला ती शिवी ऐकू आली.

आणि दुरुस्ती किती होती, सांगू? वायरच्या कळीला अडकवून ठेवायचा जो खटका होता तो कधीचा तुटलेला. म्हणून तू अंगठ्यानं दाबून धरायचा, दोन-दोन मिनिटं, आणि दुसरा हात सवयीनं स्टँडच्या माथ्यावर ठेवायचा. हाताचं थरथरणं वायरीतून आणि माथ्यातून कॅमेऱ्यात जायचं. मी पट्टीचे दोन तुकडे घेतले, वाकवून चिमटा केला, मध्ये कळ बसेल एवढी जागा. त्याला एक बोल्ट, बोल्टाला वीतभर लांब दांडा. दांडा फिरवला की कळ दाबली जाते, उलटा फिरवला की सुटते. सगळं वेगळ्या सळईवर, स्टँडपासून दोन हात दूर, वायर ढिली. हात कितीही थरथरला तरी दांडा ऐकतो, कॅमेऱ्याला पत्ता लागत नाही. पाऊण तासाचं काम, सत्तार. कानस मारून, रंग देऊन पाऊण तास. मी तेवढा वेळ वाटीतलं पाणी पाहण्यात घालवला होता.

मग मी शिकलो. नसरीननं कॅमेऱ्याचे आकडे सांगितले, मी ते खडूनं दुकानाच्या दारावर लिहून पाठ केले. पहिल्या सकाळी काच आधी लावली आणि मग कॅमेऱ्याची नजर खडकावर जुळवायला गेलो. काळ्या काचेतून काय दिसणार? चूल विझल्यासारखा फोटो आला. तू असता तर शेगावपर्यंत सांगत सुटला असता. दुसऱ्या सकाळी नजर जुळवली, काच लावली, दांडा फिरवला, आणि अठराच्या पाढ्यात अडकलो. अठरा साती म्हटलं आणि मान वळवून तुझ्या जागेकडं पाहिलं. तिथं तू नेहमी मान हलवायचा, की हां, आता शेवटचा राहिला. तसाच उभा राहिलो, किती वेळ ते ठाऊक नाही. फोटो नुसता पांढरा आला. घरी गेलो.

तिसऱ्या सकाळी वारा पडलेला होता. धार बेताची. पायऱ्यांवर ऊन नुकतं चढलं होतं. स्टँड उभा केला, पाय दाबून बसवले, नजर जुळवली, काच, रबर, सळई, दांडा. दांडा फिरवून मी मागं सरलो आणि दोन्ही हात पाठीशी बांधले. कशालाच हात लावायचा नव्हता. सोळा. सतरा. अठरा, या वेळेला न अडकता. एकोणीस. दांडा उलटा. खट.

आणि त्या दोन मिनिटांत मी जे पाहिलं ते आता मान्य करतो, एकदाच, पुन्हा विचारू नको. पाणी खोटं नव्हतं. मी खडकाच्या कडेवर नजर ठेवून होतो. थेंब जातो, दुसरा येतो, पण तो त्याच जागी उसळतो, त्याच जागी वळतो. नुसता वाहून जाणारा माल नाही तो, त्याला साचा आहे. ओतकामात लोखंडाला असतो तसा. थेंब पाहत बसलं की साचा दिसत नाही. तुझ्या फोटोत साचा यायचा. हे तू मला शब्दात सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, म्हणून तू मला पाढे म्हणत नदीत उभा करत होता काय, कोणास ठाऊक.

नसरीननं फोटो मोठा केला आणि तुझ्या स्टुडिओच्या काचेत लावला. तिथं आता ती ऑनलाइन फॉर्म भरून देते. लोक फॉर्म भरायला येतात आणि आधी फोटोसमोर उभे राहतात. कोणी म्हणतं धबधबा कुठला, कोणी म्हणतं हिमाचल. भाभी आतून ओरडते, "आपली पैनगंगाच हाये ती, धुनं धुवाले जाता तीच!"

मागच्या आठवड्यात उंद्रीचे एक रिटायर गुरुजी तहसीलच्या कामाला आले होते. फोटो पाहून विचारत विचारत माझ्या दुकानात आले. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्यासमोर ते सरळ म्हणाले, "मलेही हा नाद होता मिस्त्री. पण आता हात थरथरते माहा. सोडून दिलं." आणि हात पुढं करून दाखवला. काही लाजले नाहीत. मी त्या हाताकडं पाहिलं, आणि जे मी दोन वर्षांपूर्वी तुझ्या घरात, चहाच्या ट्रेसमोर म्हणायला पाहिजे होतं ते माझ्या तोंडून आपोआप आलं.

"थरथरते तं थरथरू द्या, गुरुजी. हाताचं काम लोखंडाले सांगू. बसा, पाऊण तास लागीन."

ते बसले. मी चिमटा केला, दांडा त्यांच्या हाताच्या मापानं थोडा आणखी लांब ठेवला. काल ते पुन्हा आले, फोटो घेऊन. गावाजवळच्या तलावाचा सांडवा. पाणी दुधासारखं पसरलेलं आणि सांडव्याचे दगड असे की टाकीचे घाव मोजावेत. मी फोटो उन्हात नेऊन तिरपा धरला, उलटा धरला. एकाही दगडाला दुसरी कड नव्हती.

गुरुजी म्हणाले, "हे डोकं कोणाचं, मिस्त्री? कोणी शिकवलं?"

"शिकवलं नाई," मी म्हटलं. "माह्या दोस्तानं मागितलं होतं. मले ऐकू उशिरा आलं."

मग ते चिमटा हातात फिरवून पाहत म्हणाले, "पण जोड लय पक्का हाये."

पक्का आहेच, सत्तार. माझा आहे तो.